तेवीस नंबर

कॉलेजातल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं कागद चिकटवलेले असतात. कोणत्या फडताळात किती घुंगरू, किती फेटे, ढोलकीची कोणती पुडी फाटलेली, कुणी काय नेलं आणि कधी परत आणलं. मी वाणिज्य शिकवते. गाण्यातलं मला काही कळत नाही. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आला तो या याद्यांमुळे. माझ्या आधीचे सर स्वतः गाणारे होते. त्यांच्या काळात बक्षिसं पुष्कळ आली आणि सामानही पुष्कळ हरवलं. ते निवृत्त झाल्यावर प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, आता गाणारा नको, सांभाळणारा पाहिजे."

मी सांभाळलं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला पोरांना घेऊन जाणं हे बरंचसं सांभाळण्याचंच काम असतं. ओळखपत्रं, वयाचे दाखले, पालकांची संमतिपत्रं, सेफ्टी पिना, हार्मोनियमखाली घालायची सतरंजी, घसा बसला तर खडीसाखर. स्टेजवर जे घडतं ते सहा मिनिटांचं. त्याच्या आधीचं सगळं माझं.

आमचं कॉलेज सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून आहे. तालीम चालू असताना खिडक्या लावून घ्याव्या लागतात, नाहीतर ट्रकच्या हॉर्नमध्ये तबला बुडतो. सुरुवातीच्या वर्षांत मी या गावातून पंचवीस-तीस पोरं घेऊन जायची. एसटीची गाडी ठरवून. तेव्हा माझी एक पद्धत होती. महोत्सवात चार-पाच स्टेजवर एकाच वेळी स्पर्धा चालतात, म्हणून प्रत्येक स्टेजपाशी मी एक पोरगा किंवा पोरगी नुसती बसवून ठेवायची. कितवा नंबर चालू आहे ते बघायचं आणि आपला जवळ आला की पळत येऊन सांगायचं, एवढंच काम. आमच्या एकाही पोराचा नंबर कधी चुकला नाही.

मग पोरं कमी होत गेली. पटावर आहेत, वर्गात नाहीत. कुणी पुण्याला कंपनीत लागून फक्त परीक्षेला येतं, कुणी दिवसभर अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करतं. तालमीला बोलावलं की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, ह्याचे मार्क धरतेत का?" पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे नऊ जण होते. समूहगीताचे सहा, हार्मोनियम आणि तबल्याचे दोन, आणि नकला करणारा एक, त्याचं स्टेज वेगळं. बसवून ठेवायला कुणी उरलं नाही.

त्या सहांतली सहावी मुलगी मला अगदी शेवटी मिळाली. समूहगीताला सहा आवाज लागतातच, पाच चालत नाहीत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात जाऊन सरळ विचारलं, "कुणाचा आवाज बरा आहे?" सगळ्यांनी एका मुलीकडे बोट दाखवलं. तिनं मान खाली घातली.

"मॅडम, हिला घ्या. हिचा बाप बँडात हुता!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पॅं पॅं पॅं," दुसऱ्यानं वाजवून दाखवलं. वर्ग हसला.

ती उठली आणि त्या वाजवणाऱ्याकडे वळून म्हणाली, "निदान नीट तरी वाजव की. बेसूर कराय लागलास." मग माझ्याकडे बघून, "येते मॅडम."

ती आली. पहिल्या तालमीतच बाकीचे पाच तिच्याकडे बघून गायला लागले. हार्मोनियमवाला पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हिला सुगम गायनात एकटीला पण टाका. सोडू नका." मी फॉर्मवर तिचं नाव दुसऱ्यांदा लिहिलं.

संमतिपत्रावर सही करायला तिचे वडील आले. साठीच्या जवळ आलेला बारीक माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नांत डीजे आले तसा बँड मोडला, आणि आता ते एका मंडपवाल्याकडे खुर्च्या लावायचं काम करत होते. सही करून झाल्यावर ते उठले नाहीत.

"म्याडम, पोरगी तुमाला बोलली का, तिला फुडं गाणंच शिकायचंय म्हणून?"

"नाही."

"विद्यापीठात संगीताचं हाय म्हणं दोन वर्सांचं. म्या म्हटलं, आधी ऐकतो, मग सांगतो."

"घरी ऐकलं नाही तुम्ही तिचं?"

"माझ्याम्होरं म्हणत न्हाय. लाजते. अन् घरातलं खरं नसतंय म्याडम. चुलीम्होरं कुणी बी सुरात म्हणतंय. स्टेजवर, माइकम्होरं, चार अनोळखी माणसं बसल्यावर सूर ऱ्हातो का, ते बघायचं. तीस वर्सं फुंकलंय म्या, मला एका कडव्यात कळतंय. सूर असला तर कसं बी करून शिकवीन. नसला तर बी.एड. कर म्हणीन. कच्चा सूर घिऊन माझ्यावाणी खुर्च्या लावत बसू नये तिनं."

मला तो माणूस आवडला. तो धाक घालत नव्हता, परीक्षा घेत होता, आणि ती त्यालाच घेता येणार होती. मुलीचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती आमची विद्यार्थिनी असणार नव्हती. म्हणजे एक गाणं, सहा मिनिटं आणि ऐकणारा एक माणूस. मी वहीत त्याची वेगळी ओळ केली: 'वडिलांना वेळ कळवणे.'

महोत्सव धाराशिवला होता. आम्ही सकाळी सहाला क्रूझरनं निघालो आणि तुळजापूर ओलांडताना मी सगळ्यांचे मोबाइल एका कापडी पिशवीत गोळा केले. स्टेजवर मोबाइल वाजला की गुण कापतात, म्हणून ही माझी जुनी शिस्त. पोचल्यावर संघव्यवस्थापकांची बैठक झाली. संघव्यवस्थापक म्हणजे पोरांना घेऊन आलेले माझ्यासारखे प्राध्यापक. स्टीलच्या पातेल्यातून प्रत्येक स्पर्धेची एकेक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर आकडा असतो आणि दिवसभर तोच आकडा तुमचं नाव. परीक्षकांना कॉलेज कळू नये म्हणून कुणाचंही नाव पुकारत नाहीत, आणि आकडा बाहेर कुणाला सांगायचा नाही, हे बजावून सांगतात. आकडा तीनदा पुकारला आणि कुणी आलं नाही तर गैरहजर.

मी समूहगीताची चिठ्ठी उचलली, नऊ. सुगम गायनाची, तेवीस.

समूहगीत खाली मैदानातल्या मांडवात, स्टेज एक. सुगम गायन वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, स्टेज चार. दोन्हींची सुरुवात सव्वादहाला. मी पायरीवर बसून हिशोब मांडला. सुगम गायनाला सव्वीस एन्ट्र्या. प्रत्येकी सहा मिनिटं धरली तर तेविसाव्याची वेळ साधारण साडेबारा. समूहगीताचा नववा नंबर अकरा-सव्वाअकराला उरकणार. मध्ये तासाभराची मोकळीक. मी साडेबाराच्या खाली दोन रेघा मारल्या.

"मॅडम, दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायलेत," ती मुलगी म्हणाली.

"अगं, आधी नऊ, मग तेवीस. माझ्यावर सोड."

तिनं सोडलं.

दहाच्या आत तिचे वडील आले. तोच पांढरा शर्ट. मी त्यांना वरच्या हॉलमध्ये नेऊन तिसऱ्या रांगेत बसवलं.

"कितवा नंबर हाय म्याडम आपला?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे. साडेबाराच्या सुमारास होईल. तुम्ही निवांत बसा."

"मतदानावाणीच हाय की तुमचं," ते हसले. "बसतो. बाकीच्यांचं बी ऐकतो. तेवढंच लेकरांचं ऐकाय मिळतंय."

खाली मांडवात उद्घाटनाचे पाहुणे आलेच नव्हते. ते येईपर्यंत स्टेज एक सुरू होणार नव्हतं. आम्ही स्टेजच्या मागं रांगेत उभे राहिलो. साड्या नेसून झालेल्या, पिना लावून झालेल्या, गजरे सुकायला लागलेले. अकराच्या सुमारास ती मुलगी रांगेतून पुढं आली.

"मॅडम, मी एकदा वर बघून येऊ का? पटकन."

मी घड्याळ बघितलं, वही बघितली.

"नको. पाहुणे कधीही येतील, आणि आले की रांग लागते. तुझ्याशिवाय पाचच उरतात. तुला अजून दीड तास आहे."

ती परत जाऊन उभी राहिली. हे वाक्य मी किती शांतपणे म्हटलं होतं ते मला अजून आठवतं. एखाद्या विद्यार्थ्याला फी भरायची शेवटची तारीख सांगावी तसं.

पाहुणे साडेअकराला आले, भाषण करून गेले. मग स्टेज एक सुरू झालं. निवेदकानं 'एक' पुकारलं. तीनदा. कुणी आलं नाही. 'दोन' आलं, गायलं. 'तीन' तीनदा. 'चार' तीनदा. 'पाच' आलं. 'सहा', 'सात', 'आठ', प्रत्येकी तीनदा, नुसता आवाज. मग 'नऊ'.

तेव्हा मला कळलं. आकडे सरकत नव्हते, उड्या मारत होते. माझा सगळा हिशोब कागदावरच्या एन्ट्र्यांवर होता, आणि एन्ट्र्यांमागं माणसं नव्हती. वरचं स्टेज तर वेळेवर सुरू झालं असणार, कारण पाहुणे वर कुणी नेत नाही. मी त्या मुलीकडे बघितलं. ती पदर सारखा करत होती. काही बोलले असते तर सहाही जणांचं गाणं तिथंच गेलं असतं, म्हणून मी फक्त "चला" म्हणाले आणि त्यांना स्टेजवर पाठवलं.

ते चांगलं गायले असावेत. टाळ्या पडल्या. मी ऐकत नव्हते.

जिना चढताना ती माझ्या पुढं पळत होती. हॉलमध्ये दोन स्वयंसेवक वादविवादासाठी टेबलं सरकवत होते. परीक्षक चहा पीत होते. तिसऱ्या रांगेत एकटे तिचे वडील बसलेले.

"म्याडम, इथलं संपलं म्हणालेत," ते उभे राहिले. "म्या उठलो न्हाय. म्हटलं, आपला नंबर ऱ्हायलाय अजून."

मी स्टेजप्रमुखांकडे गेले. तेही माझ्यासारखेच कुठल्यातरी कॉलेजचे प्राध्यापक. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. पानभर एकाच अक्षरात गैरहजर, गैरहजर. सव्वीसपैकी सात जण गायले होते. तेवीससमोर वेळ होती अकरा वीस.

"सव्वीस एन्ट्र्या होत्या ना हो?" मी म्हणाले.

"एन्ट्र्या होत्या की. माणसं येणारेत असं कुठं म्हटलं होतं? तपासणीच्या फाइलीत प्रत्येक कॉलेजला प्रत्येक स्पर्धा दाखवायची असते, मॅडम. तुम्हाला काय नवीन आहे?"

मला नवीन होतं. मी आयुष्यात न येणाऱ्या पोराचं नाव फॉर्मवर लिहिलं नव्हतं, आणि इतर लिहीत असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परीक्षकांमध्ये एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "आम्ही बसलोच आहोत. पाच मिनिटांचा तर प्रश्न. कुणाची हरकत नसेल तर ऐकू या की मुलीला."

दाराशी दुसऱ्या एका कॉलेजचे व्यवस्थापक उभे होते. त्यांचा मुलगा त्या सातांत होता. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "माझी हरकत आहे. मागच्या वर्षी आमच्या पोराला चार मिनिटं उशीर झाला होता, एसटी बंद पडली म्हणून. तेव्हा असंच विचारलं होतं सगळ्यांना. मॅडम, हरकत कुणी घेतली होती?"

मीच घेतली होती. नियम सर्वांना सारखा, असं म्हणाले होते. त्या मुलाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आठवला नाही. मी रजिस्टरवर सही केली.

बाहेरच्या व्हरांड्यात तिघं उभे राहिलो. मला काहीतरी करणं भाग होतं. मी तिला म्हणाले, "अगं, इथंच म्हण. हार्मोनियम मागवते. वडील ऐकायला आलेत, ऐकू देत."

तिनं वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"आसं न्हाय म्याडम. आता घसा दाटलाय तिचा. आता कसं बी म्हटली तरी मला गोडच लागंल. बापच हाय की म्या." मग ते म्हणाले, "तेवीस हुता का आपला नंबर?"

"हो."

"म्या ऐकला. तेवीस, तेवीस, तेवीस. मनात म्हटलं, कुणाचं लेकरू कुठं तडमडलंय. हसलो बी जरा."

ती रडली नाही. तिनं पदराच्या पिना काढल्या, माझी डबी मागितली आणि त्यात टाकल्या. "चार होत्या मॅडम," ती म्हणाली. मी डबीत बघितलं. सवय. चारही होत्या.

समूहगीताला चार संघ आले होते. आमचा तिसरा नंबर आला. प्रमाणपत्रावर सहा नावं मीच लिहून दिली. प्रमाणपत्र प्राचार्यांच्या खोलीत काचेमागं आहे आणि त्याखाली दरवर्षी कुणीतरी उभं राहून फोटो काढतं.

मी स्वस्थ बसले नाही, एवढंच माझ्या बाजूनं. गॅदरिंगमध्ये तिचं एकटीचं गाणं ठेवलं, वडिलांना तारीख कळवली, ते येतो म्हणाले. परीक्षा अलीकडं आणल्या आणि गॅदरिंग रद्द झालं. उमरग्याला एक गायनाची स्पर्धा होती, तिची चौकशी केली. ती फक्त शाळेच्या मुलांची निघाली. कॉलेजातल्या एका कार्यक्रमात प्रास्ताविकानंतर पाच मिनिटं मागून घेतली, तर त्या दिवशी वडील दुसऱ्या गावी मंडप घालायला गेले होते. दर वेळी मी वहीत ओळ लिहायची आणि खोडायची. चौथ्या वेळी मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आता राहू द्या. बी.एड.चा फॉर्म भरलाय मी."

"वडील म्हणाले?"

"नाही. ते अजून म्हणतेत, ऐकल्याशिवाय सांगणार नाही. मीच भरला." मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. "एका परीनं बरंच झालं मॅडम. नसता लागला सूर तर?"

मला गाण्यातलं कळत असतं तर मी तिला सांगितलं असतं की लागला असता. मी ते सांगू शकत नव्हते. जे सांगू शकत होते ते फक्त हार्मोनियमवाल्या पोरानं सांगितलेलं होतं, आणि तो आता चाकणला कंपनीत आहे.

गेल्या वर्षी ती एसटी स्टँडवर भेटली. एका खासगी शाळेत शिकवते. हातात पेपरांचा गठ्ठा, त्यावर रबर. शाळेत गाणी शिकवतेस का, असं विचारल्यावर म्हणाली, "मोबाइलवर लावून देतो मॅडम. पोरं त्याच्यामागं म्हणतेत." तिची गाडी लागली. वडिलांचं विचारायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्याच महिन्यात महोत्सवाचा फॉर्म आला. माझ्याकडे चार पोरं होती. दोन स्पर्धांपुरती. प्राचार्य म्हणाले, "सगळ्यांत एन्ट्री टाका मॅडम. दुसरी कॉलेजं टाकतात, आपलंच पान रिकामं दिसतं. यायचं बंधन कुठं आहे?" मी त्यांना सगळं सांगू शकले असते. त्यांनी ऐकूनही घेतलं असतं आणि शेवटी हेच म्हणाले असते. मी पटावरून नावं उतरवून घेतली आणि फॉर्म भरला. लोकनृत्य, एकांकिका, पोवाडा, भारूड, मूकनाट्य. सुगम गायनाच्या रकान्यात एका अशा मुलीचं नाव लिहिलं जिला मी कधी पाहिलं नाही. अक्षर चांगलं आलं होतं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळच्या बैठकीत मी पातेल्यातून एकामागून एक चिठ्ठ्या उचलल्या. न आलेल्या पोरांचे आकडे माझ्या मुठीत. शेजारी एक तरुण प्राध्यापिका बसली होती. पहिल्यांदाच पोरं घेऊन आलेली, बहुतेक तेर गावाकडची. तिनं सुगम गायनाची चिठ्ठी उघडली, वहीचं मागचं पान काढलं आणि आकड्याला सहानं गुणायला लागली.

"ते गणित करू नका," मी म्हणाले.

"का हो मॅडम?"

"त्यात आमचा पण एक आकडा आहे. आमचं कुणी येणार नाही. आणखीही पुष्कळांचं येणार नाही. पोरीला आत्ताच वर नेऊन बसवा."

ती हसली. तिला वाटलं, मी नवीन माणसाची थट्टा करते आहे. "काय मॅडम तुम्ही पण," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. मूठ उघडून चिठ्ठ्या दाखवल्या.

"हो हो, बघते मॅडम," म्हणत तिनं आलेल्या वेळेखाली दोन रेघा मारल्या, पेनाला टोपण लावलं आणि खाली मांडवाकडे गेली. तिथं तिची सहा पोरं रांगेत उभी होती.